कायम राहिला की कायम केला?

‘उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब’ असा मथळा दिसला की मी आधी बातमीचा शेवट वाचतो. तिथे बहुतेकदा एवढंच असतं: विशेष अनुमती याचिका, म्हणजे एसएलपी, फेटाळली. मग शिक्कामोर्तब झालं कुठे? अपील फेटाळणं वेगळं आणि एसएलपी फेटाळणं वेगळं. हा घोळ काळ्या कोटातल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येतो, आणि तेव्हा तो जास्त खुपतो.

अपील म्हणजे काय हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. दिवाणी न्यायाधीशांचा हुकूमनामा पटला नाही तर जिल्हा न्यायालय, पुढे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर उच्च न्यायालयात दुसरं अपील. हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात, असा हक्क फार थोड्यांना मिळतो. प्रकरण अपिलाच्या योग्यतेचं आहे असं प्रमाणपत्र उच्च न्यायालयाने दिलं तर, किंवा खाली निर्दोष सुटलेल्याला उच्च न्यायालयाने फाशी सुनावली तर, अशी ती मोजकी प्रकरणं. बाकी बहुतेक जण राज्यघटनेच्या अनुच्छेद 136 च्या दाराने जातात, आणि त्या दारात एसएलपीने मागायची असते ती फक्त परवानगी: ‘मला अपील करू द्या.’ ती देणं न देणं न्यायालयाच्या मर्जीवर. ही ताकद जपून वापरायची, हे न्यायालयाने 1950 सालीच प्रीतम सिंग प्रकरणात सांगून ठेवलं.

खरी मेख इथे आहे. परवानगी नाकारली, तर अपील जन्मालाच येत नाही. उच्च न्यायालयाचा निकाल बरोबर आहे असं सर्वोच्च न्यायालय म्हणालेलं नसतं. आम्ही यात पडत नाही, एवढंच म्हणालेलं असतं. निकाल कायम राहतो, पण तो सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेला नसतो. मराठीत ‘राहणे’ आणि ‘करणे’ इतकी स्वच्छ दोन क्रियापदं असताना आपण ती एकमेकांत का मिसळतो, हे मला खरंच कळत नाही.

ही रीत प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायासनाच्या, काळापासूनची आहे, आणि तिच्या दोन्ही बाजू लोकमान्य टिळकांच्याच आयुष्यात सापडतात. 1897 च्या राजद्रोह खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाल्यावर लंडनला अपिलाची परवानगी मागितली गेली. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ टिळकांच्या बाजूने उभे होते. परवानगी नाकारली गेली, म्हणजे ते प्रकरण तिथे अपील म्हणून कधी उभंच राहिलं नाही. टिळक ज्यात पक्षकार होते त्या ताई महाराजांच्या दत्तकाच्या प्रकरणाचं उलट झालं. त्यात अपील पूर्ण ऐकलं गेलं आणि 1915 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून दत्तक वैध ठरवलं. त्या दिवसापासून त्या वादातला निकाल लंडनचा झाला, मुंबईचा उरला नाही.

खालचा निकाल वरच्यात असा विरून जाणं म्हणजेच विलीनीकरण. 2000 साली केरळमधल्या वनजमिनीच्या कुन्हयम्मद प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी हा सगळा गुंता सोडवला. एसएलपी कारण न देता फेटाळली तर विलीनीकरण नाही, आणि अनुच्छेद 141 खाली देशभर बंधनकारक ठरणारा कायदाही त्यातून निघत नाही. कारणं देऊन फेटाळली, तर त्या कारणांत सांगितलेला कायदा सर्वांना बांधतो. विलीनीकरण मात्र तरीही नाही. परवानगी दिली आणि मग अपील एका ओळीत जरी फेटाळलं, तरी उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात विलीन होतो. 2019 मध्ये खोडे डिस्टिलरीज प्रकरणात पुन्हा तीन न्यायमूर्तींनी हेच उचलून धरलं.

याचा थेट परिणाम पक्षकारावर होतो. एसएलपी फेटाळल्यानंतरही उच्च न्यायालयात पुनर्विलोकन अर्ज, म्हणजे आपलाच निकाल पुन्हा तपासा असा अर्ज, करता येतो. कुन्हयम्मदमधला वाद नेमका त्यावरच होता. आमच्या नात्यातल्या एकाला मात्र ‘सुप्रीम कोर्टानेच कायम केलंय, आता कुठे जाणार?’ असं सांगून घरी बसवलं गेलं. कागदात दिसणारी ढोबळ चूक होती, उशीर माफ व्हावा अशी कारणंही होती. दोन वर्षं तशीच गेली. त्या एका चुकीच्या क्रियापदाचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

‘नोटीस काढली’ म्हणजे परवानगी दिली असंही नव्हे. समोरच्याला फक्त बोलावलेलं असतं. हा छोटा गोंधळ आहे, आदेश वाचला की मिटतो.

तेव्हा कुणी आदेशाची प्रत पाठवली, तर आधी वरचं शीर्षक पाहा. तिथे ‘दिवाणी अपील’ किंवा ‘फौजदारी अपील’ असा क्रमांक आहे की नुसता एसएलपीचा? मग मजकुरात परवानगी दिल्याचं वाक्य, म्हणजे ‘लीव्ह ग्रँटेड’ शोधा. ते नसेल आणि खाली नुसतं ‘डिसमिस्ड’, म्हणजे फेटाळली, असेल, तर तुमच्या हातात आहे तो उच्च न्यायालयाचाच निकाल.