कुमार-कादंबरी : कोकण किनाऱ्यावरील वाचन आणि शिफारस

साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या, आजच्या जगण्यावरच्या कादंबऱ्यांना मराठीत कुमार-कादंबरी किंवा किशोर-कादंबरी म्हणतात. या कादंबऱ्या वाचणे आणि वाचलेल्यातून दुसऱ्याला नेमके पुस्तक सुचवणे ही दोन कामे एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की त्यांची नोंद एकत्रच घ्यावी लागते. बालसाहित्य आणि कुमार-कादंबरी यांतला मोठा फरक नजरेचा आहे. कुमार-कादंबरीत गोष्ट मुलाच्या मनातून दिसते, मोठ्यांचा शब्द शेवटचा ठरत नाही आणि अखेरीस सगळे सुरळीत होईल याची हमी कोणी देत नाही.

हा वर्ग मुळात ग्रंथपालांनी पाडला. बालविभाग सोडून गेलेली मुले मोठ्यांच्या विभागात दिसेनाशी होतात, हे त्यांना रोजच्या देवघेवीत कळत होते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९५७ मध्ये या वयाच्या वाचकांसाठी वेगळा विभाग केला. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी १९६७ मध्ये आली. ती लिहायला घेतली तेव्हा हिंटन स्वतः शाळेत शिकत होत्या. आपल्याच वयाचे कोणीतरी आपल्याशी बोलते आहे, ही या प्रकाराची खरी ताकद तिथून सगळ्यांच्या लक्षात आली.

मराठीत अशी वेगळी फळी उशिरा दिसू लागली. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाले. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे याच वयाच्या वाचकांच्या घराघरांत पोचला. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलाची कादंबरी आहे. तिच्यावर मुलांचे पुस्तक असा शिक्का नव्हता, तरी नववी-दहावीच्या मुलांनी ती एकमेकांकडून मागून वाचली. प्रकाश नारायण संतांच्या कथांतल्या लंपन या मुलाचेही तसेच. मोठ्यांच्या कपाटातली ही पुस्तके मुलांनी आपली मानली, आणि मराठी कुमार-कादंबरीचा पाया बराचसा या मागून नेण्यातून घातला गेला.

साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्यासाठी वेगळा पुरस्कार देते. मराठीत २०१७ मध्ये तो ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ला मिळाला. धरणात जाणाऱ्या गावाची ही गोष्ट मुलाच्या नजरेतून सांगितली आहे. २०२४ मध्ये तो भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला मिळाला. हा पुरस्कार नऊ ते सोळा वर्षांच्या वाचकांच्या पुस्तकांसाठी आहे. चौथीतले मूल आणि अकरावीच्या उंबरठ्यावरचा मुलगा यांना एकाच पंक्तीला बसवले जाते आणि वाढप मात्र धाकट्याच्या भुकेने होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कोकणात या साहित्याची मुळे पालगडला सापडतात. दापोली तालुक्यातल्या या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी साने गुरुजींचा जन्म झाला. ‘श्यामची आई’ त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. बेचाळीस रात्रींत सांगितलेल्या या आठवणी संस्कारांचे पुस्तक म्हणून मुलांच्या हाती दिल्या जातात आणि तिथेच थोडी चूक होते. श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, आई त्याला शिंपटीने बडवून विहिरीवर धाडते आणि नंतर तिलाच भरून येते. कोकणातल्या मुलाला हे प्रकरण उपदेश म्हणून वाचायची गरज नसते. विहीर त्याच्या घरामागे असते, काठावर उभे राहून पोटात आलेला गोळा त्याला ठाऊक असतो. चुकणारा, भिणारा, लाजणारा मुलगा स्वतःच बोलतो आहे, हे आजच्या कुमार-कादंबरीचे लक्षण या पुस्तकात तेव्हापासून आहे. ‘संस्कार होतील’ म्हणून दिले तर तेरा वर्षांचे मूल ते मिटून ठेवते. ‘श्याम पोहायला जातो तेवढेच वाच’ म्हणून दिले तर पुढचे बरेच काही आपसूक वाचले जाते.

श्यामनंतर मात्र कोकणातला वाचक एकदम उडी मारत आला आहे. घरात असत ती श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२), गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ (१९५५) आणि जयवंत दळवींची पुस्तके. ही थोर पुस्तके आहेत. त्यांतली माणसे, आगरे, पाणंदी मुलांना ओळखीच्या वाटतात, पण त्यांतली दुःखे पन्नाशीच्या माणसाची आहेत. ज्याला ही उडी जमली तो जन्माचा वाचक झाला, आणि ज्याला जमली नाही त्याला आपल्याला वाचनाची आवडच नाही असे वाटू लागले. मधली पायरी नव्हती, हे त्याला कोणी सांगितले नाही.

पुस्तके नव्हती असे कोकणाबद्दल म्हणता येत नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये आला आणि तालुक्या-गावांच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. अडचण आहे ती वाचनालयाच्या आत, जागेच्या मांडणीत. बालविभागात बुटक्या खुर्च्या असतात, भिंतीवर ससा-कासव असतात. आठवीतला मुलगा तिथे गुडघे छातीशी घेऊन बसतो, दारातून वर्गातली मुलगी आत येताना दिसली की हातातले पुस्तक खाली ठेवतो आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे सरकतो. त्या क्षणी वाचनालयाने एक सभासद गमावलेला असतो, वर्गणी वडील पुढे वर्षभर भरत राहिले तरी. एक उभे कपाट मोठ्यांच्या विभागाच्या तोंडाशी ठेवून त्यात ही पुस्तके लावली आणि कपाटावर ‘बाल’ हा शब्द कुठेही लिहिला नाही, तर खर्च काहीच येत नाही.

हवामानाचाही यात हात आहे. चार महिने पावसाचे. पाने दमट होतात, पुठ्ठ्यावर बुरशी धरते, कसर लागते, म्हणून पावसाळा सरला की पुस्तकांना ऊन दाखवावे लागते. पूर आला तर त्याहून वाईट. मुलांच्या हाताला यावीत म्हणून खालच्या फळ्यांवर लावलेली पुस्तकेच आधी पाण्यात जातात. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण शहर पाण्याखाली गेले, तेव्हा तिथल्या वाचन मंदिराचीही मोठी हानी झाली. कोकणातल्या वाचनालयाने मुलांचे कपाट कुठे ठेवायचे हा प्रश्न म्हणून उंची आणि पाणी या दोन्हींचा आहे.

शाळेची बाजू थोडक्यात सांगता येते. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत असे सांगितले, पण तो कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा आहे. कुमार-कादंबरीच्या वाचकाची बरीच वर्षे त्यानंतरची असतात. २०१२ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचे स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ आहे आणि दहावीच्या निकालात ते सातत्याने पहिले येते. या यशाचा अभिमान वाटतोच. पण नववी संपताना ‘आता वर्षभर अवांतर वाचन बंद’ हे वाक्य ज्या घरांत उच्चारले जाते, त्याच घरांतून हे निकालही येतात. अवांतर हा शब्द इथे जड जातो, कारण ज्या वर्षी मूल सगळ्यात जास्त घाबरलेले असते त्याच वर्षी त्याच्याकडून गोष्ट काढून घेतली जाते.

शिफारशीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण कोकणात पुस्तक विकत घेण्यापेक्षा हातातून हातात जास्त फिरते. तालुक्याच्या गावातही मुलांच्या कादंबऱ्या मांडून ठेवणारे दुकान सहसा नसते. वह्या-गाईडांच्या दुकानात एका कोपऱ्यात असतील तेवढ्याच. म्हणून ‘हे वाच’ म्हणणाऱ्या माणसावर सगळे अवलंबून राहते. तो माणूस देवघेवीच्या टेबलामागचा ग्रंथपाल असतो, मराठीच्या बाई असतात, किंवा मे महिन्यात मुंबईहून आलेली चाकरमान्यांची आतेबहीण असते. ती पिशवीत दोन कादंबऱ्या घेऊन येते, लोट्यावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, पालथी पडून वाचते आणि जाताना एक मागे ठेवून जाते. गणपतीला आली की आधी विचारते, ‘वाचलंस काय गो?’ या विचारण्यात परीक्षेचा सूर नसतो. कोणाशी तरी त्या गोष्टीबद्दल बोलायचे तिच्या मनात साचलेले असते आणि चांगली शिफारस बहुधा अशाच साचलेल्या बोलण्यातून येते.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतली दोन अशी : प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. कुमारवयात यांतले नंतरचे, पुस्तकाला वाचक शोधण्याचे सूत्र जास्त उपयोगी पडते. पुस्तक चांगले आहे एवढ्यावर ते सगळ्या वर्गाला सुचवून चालत नाही. ते कोणाचे आहे, हे शोधावे लागते. ‘तुला काय आवडते?’ या प्रश्नावर या वयाची मुले खांदे उडवतात. ‘शेवटचे कुठले पुस्तक अर्धवट सोडलेस, आणि कुठल्या पानावर?’ असे विचारले की बोलू लागतात. कोणी वर्णनाला कंटाळलेला असतो, कोणाला नायकाची रडारड सहन झालेली नसते, कोणी मृत्यूच्या प्रसंगाशी थांबलेली असते, कारण घरात नुकतेच काही घडलेले असते. हे कळले की पुढचे पुस्तक निम्मे सापडलेले असते. तिळारी धरणामुळे जिच्या घरच्यांना गाव सोडावे लागले अशा दोडामार्गकडच्या मुलीला ‘खारीच्या वाटा’ देणे आणि तेच पुस्तक पुरस्कारप्राप्त म्हणून पन्नास मुलांना वाटणे, यांत म्हणून फार अंतर आहे.

सुचवणाऱ्याने पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेले असावे, ही अट प्रस्तुत लेखकाला अपरिहार्य वाटते. या कादंबऱ्यांत प्रेम येते, पाळी येते, जात येते, बापाचे दारू पिणे येते, एखाद्या मित्राने जीव देणे येते. हे विषय टाळावेत असा अर्थ नाही. कोकणातल्या मुलांच्या आयुष्यातही ते आहेतच, आणि वाडीत सगळे सगळ्यांना ओळखत असल्याने त्यांबद्दल मोकळेपणी बोलायला जागा कमी असते. पुस्तक ती जागा देते. पण पालक दुसऱ्या दिवशी टेबलाशी येऊन ‘हे असले काय दिलेत?’ म्हणाले, तर ज्याने वाचले आहे त्यालाच शांतपणे उत्तर देता येते. न वाचता सुचवलेले पुस्तक पहिल्या तक्रारीला कपाटात कुलूपबंद होते आणि मुलाचा विश्वास जातो. शासनमान्य ग्रंथांच्या याद्या आणि पुरस्कारांच्या बातम्या पुस्तक मागवायला उपयोगी आहेत. मुलाच्या हातात ते ठेवायला वाचलेला माणूसच लागतो.

भाषेचा प्रश्न कोकणात वेगळा उठतो. घरात मालवणी, संगमेश्वरी, आगरी, कोळी बोली, आणि कादंबरीत शहरातली प्रमाण मराठी. एका वाचनालयात सातवीतल्या मुलीने पुस्तक परत करताना ग्रंथपालबाईंना सांगितले, ‘बाई, गोष्ट बरी आसा, पण ह्येच्यात आमच्यासारखा कोणच बोलणा नाय.’ तिच्या बोलण्यात तक्रार कमी आणि शोध जास्त होता. मालवणी रंगमंचावर गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने गाजवली, दशावतारात ती रात्रभर नांदते, पण पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनातले विचार त्या बोलीत सांगणारी कादंबरी तिच्या हाती पडत नाही. बोली हसवण्यासाठी आणि प्रमाणभाषा गंभीर बोलण्यासाठी, ही वाटणी मुले नकळत शिकतात. त्यामुळे बोलीत गंभीर लिहिलेले चार परिच्छेद जरी कुठे सापडले, दिवाळी अंकातल्या एखाद्या कथेत का असेना, तरी ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवावेत.

मोबाइलने हे वाचन संपवले असे सरसकट म्हणणे अन्यायाचे आहे. ‘किशोर’चे जुने अंक आता ऑनलाइन फुकट वाचता येतात आणि ज्या वाडीत वाचनालय नाही तिथे ते पोचतात. मात्र पडद्यावर पुस्तक शोधायला आधी नाव ठाऊक असावे लागते, आणि नाव सांगणारे कोणीतरी पुन्हा लागतेच. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. कोकणात तो पाऊस उघडण्याच्या सुमाराला येतो. त्या दिवशी मुलांना भाषण ऐकवण्याऐवजी उन्हात मांडलेली पुस्तके चाळू दिली तर दोन्ही कामे होतात.

मुलांनी मुलांना केलेली शिफारस सर्वांत पुढे जाते, याचे एक उदाहरण दक्षिण कोकणातल्या एका लहान वाचनालयात पाहिले. एका जाड कादंबरीच्या मागच्या तारीख-चिठ्ठीवर दोन वर्षांत एकच शिक्का होता. ती वाचून आणणाऱ्या नववीतल्या मुलाला ग्रंथपालांनी कागदाचा कपटा देऊन म्हटले, ‘पुढच्याला काय सांगशील ते लिही.’ त्याने उभ्या उभ्या लिहिले, ‘पयली वीस पाना कंटाळवाणी आसत. मगे सोडवणा नाय.’ तो कपटा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवला गेला. मे महिन्यात तारीख-चिठ्ठी भरली, आणि तिच्यावर दुसरी चिकटवावी लागली.