मार्कचे घोडे निळे झाले त्याआधी त्याची रेष बदलली होती

जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्क म्हटलं की निळे घोडे, आणि मग निळा म्हणजे पुरुष, पिवळा म्हणजे स्त्री ही त्याची रंगांची थिअरी सगळेच सांगतात (१९१० साली मित्र ऑगस्ट माकेला लिहिलेल्या पत्रातली), पण मला विचाराल तर त्याच्या प्राण्यांची खरी गंमत रेषेत आहे, आणि ती रेष काही सहज सुटलेली नाही.

जन्म १८८०, म्युनिकचा, वडीलही पेंटर. तिथल्याच अकॅडमीत शिकला, पॅरिसला जाऊन व्हॅन गॉग बघून आला. १९०७ नंतर पोटापाण्यासाठी तो चक्क प्राण्यांच्या अ‍ॅनाटॉमीचे क्लास घ्यायचा, बर्लिनच्या झूमध्ये बसून स्केचिंग करायचा, त्यामुळे मान वळली की कुठला स्नायू ताणला जातो, खांद्याचं हाड कुठे वर येतं हे सगळं हाताला पाठ. पुढे त्याने जे गाळलं ते माहीत असून गाळलं. एक्स्प्रेशनिझम (दिसतं तसं नाही, आतून वाटतं तसं रंगवणारी मार्कची शैली) म्हणजे कसंही फराटे मारा असं समजणाऱ्यांनी हे जरूर बघावं!

१९१० मध्ये प्रकाशक राइनहार्ड पीपरच्या, कलेतल्या प्राण्यांवरच्या पुस्तकासाठी त्याने लिहिलं की झाडं, प्राणी, हवा यांतून रक्त सळसळत वाहतंय आणि मला ते पकडायचंय. १९११ च्या 'मोठे निळे घोडे' या चित्रात हे दिसतं, तीन घोड्यांच्या माना आणि पाठी ज्या वळणाने जातात त्याच वळणाने मागचे डोंगर जातात, घोडा कुठे संपला आणि डोंगर कुठे सुरू झाला याची रेषेला फिकीरच नाही. त्याच वर्षी चित्रकार कांडिन्स्कीबरोबर त्याने 'ब्लाउअ रायटर' (म्हणजे निळा घोडेस्वार) हा चित्रकारांचा गट काढला.

मग क्युबिझम, म्हणजे आकार तोडून भौमितिक तुकड्यांत मांडणारी शैली, आला आणि वळणं मोडली. १९१२ चा वाघ बघा, सगळा त्रिकोणी तुकड्यांचा, दबा धरून बसलेला, आजूबाजूचा परिसरही तसाच टोकदार. १९१३ च्या 'प्राण्यांचं प्राक्तन' मध्ये तर तिरप्या रेषा भाल्यांसारख्या जनावरांवर तुटून पडतात. १९१५ साली पहिल्या महायुद्धात आघाडीवर असताना या चित्राचं पोस्टकार्ड हातात पडलं तेव्हा तो स्वतःच हादरला, बायकोला लिहिलं की ही या युद्धाचीच चाहूल वाटते.

त्याच वर्षी त्याने एका छोट्या स्केचबुकात ३६ पेन्सिल ड्रॉइंग केली. रंग नाहीत, फक्त रेष, आणि काही पानांवर तर प्राणी ओळखायलाही येत नाहीत. ४ मार्च १९१६ ला फ्रान्समधल्या वर्दुनजवळ तो लढाईत मारला गेला, वय ३६.