प्लग काढला म्हणजे करंट गेला? नाही ओ

बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपपासून खानापूरच्या बोअरवाल्यांपर्यंत एकच ऐकायला मिळतंय, प्लग काढला की काय होत नाही, मशीनमध्ये घाला हात. जोडीला दुसरं, व्होल्टेज मारत नाही करंट मारतोय, बाईकच्या स्पार्क प्लगचा हजारो व्होल्टचा झटका बसतोय की, कोण मेलंय?

अर्धवट आहे ओ हे. बाईकच्या स्पार्कमध्ये एनर्जी फक्त काही दहा-वीस-पन्नास मिलीज्यूल (ज्यूलचा हजारावा भाग), म्हणून निभावतंय (हार्ट पेशंटनी तिथंही नाद करू नये). पण मशीनमधला कपॅसिटर (चार्ज साठवणारा पार्ट) प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतोय, आणि व्होल्टेज डबल झालं की साठलेली एनर्जी चौपट. मायक्रोवेव्हमधला 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 2000 व्होल्टला 2 ज्यूल धरतोय. आणि करंट ढकलतंय कोण, व्होल्टेजच की! दोघांना वेगळं काढून कसं चालेल?

आत ब्लीडर रेझिस्टर असतोय, तो हळूहळू चार्ज उतरवतोय, पण तोच जळला असला तर बाहेरून कळत नाही. काही जण स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करतात, मोठा स्पार्क उडतोय, टोक वितळतंय, हे धाडस नकोच. इन्सुलेटेड वायरला जास्त वॅटचा रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा, मग त्या व्होल्टेजला चालणाऱ्या मीटरनं बघा. फाउंड्रीतल्या फर्नेसच्या कपॅसिटर बँकेला (एकत्र जोडलेल्या कपॅसिटरना) तर अर्थिंग रॉड (अर्थला जोडलेला दांडा) लावल्याशिवाय बोटसुद्धा नाही.