समूहित आरोग्य-आकडेवारीचे विश्लेषण

निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र नसताना आरोग्यविषयक अभ्यासात वापरावयाच्या संख्याशास्त्रीय पद्धती. सोलापुरातील यंत्रमाग कामगारांची श्वसनक्षमता मोजली, तर एका कारखान्यातील सर्वांच्या वाट्याला तीच सुताची धूळ आलेली असते. विडी कामगारांच्या वसाहतीत पाणी, निवारा व तंबाखूचा संपर्क सामाईक असतो. अशी मापने स्वतंत्र मानल्यास प्रमाण त्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) बहुधा वाजवीपेक्षा कमी येते व नसलेला फरक सिद्ध झाल्यासारखा दिसतो.

एकाच समूहातील व्यक्तींमधील या साम्याचे माप म्हणजे समूहांतर्गत सहसंबंध गुणांक. त्याचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी मतभेद आहेत. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ च्या सुमारास प्रत्येक जोडी दोन्ही क्रमांनी मांडून, सममित सारणीवरून तो काढला. आर्थर हॅरिस यांनी १९१३ मध्ये आकडेमोडीची सोपी रीत दिली. तथापि एकूण प्रचरणात (मापनांच्या विखुरलेपणाच्या मापात) समूहा-समूहांमधील प्रचरणाचा वाटा हा आजचा रूढ अर्थ रॉनल्ड फिशर यांच्या प्रचरण-विश्लेषणातून (१९२५) आलेला आहे. समूह लहानमोठे असल्यास सारणीच्या रीतीत मोठ्या समूहांतील जोड्यांना फार भार मिळतो, हे पाहता फिशर यांची मांडणी अधिक ग्राह्य वाटते.

लेस्ली किश यांच्या मांडणीनुसार (१९६५) प्रत्येक समूहात म व्यक्ती आणि गुणांक स असल्यास अंदाजाचे प्रचरण १ + (म − १) × स पटींनी वाढते. प्रत्येकी ३० कामगारांचे २० कारखाने घेतले आणि स ०.०५ असला, तर ही पट २.४५ येते, म्हणजे ६०० कामगारांचा नमुना सुमारे २४५ स्वतंत्र व्यक्तींच्या तोलाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेची लसीकरण सर्वेक्षणातील ३० समूह व प्रत्येकी ७ बालके ही जुनी रीत ही पट २ धरूनच बेतलेली होती.

विश्लेषणाचे दोन मार्ग प्रचलित आहेत. मिश्र प्रतिमानात (लेअर्ड व वेअर, १९८२) समूहाचा परिणाम यादृच्छिक, म्हणजे योगायोगाने बदलणारा, मानतात. लिआंग व झेगर यांच्या व्यापक आकलन समीकरणांत (१९८६) लोकसंख्येतील सरासरी परिणाम काढून प्रमाण त्रुटी ‘सँडविच’ आकलकाने (समूहांतर्गत साम्य जमेस धरणाऱ्या सूत्राने) दुरुस्त करतात. रोग आहे किंवा नाही अशा द्विपर्यायी निष्पत्तीसाठी या दोहोंचे गुणक सारखे येत नाहीत, म्हणून त्यांची थेट तुलना करू नये. सँडविच आकलकाला समूह पुष्कळ लागतात. साधारणतः ४० हून कमी समूह असतील तर तो त्रुटी कमी दाखवितो. तालुका हाच समूह धरल्यास सोलापूर जिल्ह्यात समूह अवघे ११ होतात. तेथे लहान नमुन्यासाठीची दुरुस्ती करावी किंवा, शक्य असल्यास, गाव अथवा प्रभाग हा समूह धरून नमुना आखावा. मात्र ही निवड आकडे गोळा करण्यापूर्वीच व्हावी लागते.

एकाच रुग्णाच्या पुनःपुन्हा घेतलेल्या मापनांनाही हेच तत्त्व लागू पडते. राहण्याची वस्ती व उपचाराचे रुग्णालय असे दोन समूह एकमेकांना छेदत असतील, तर छेदित वर्गीकरणाची प्रतिमाने वापरतात.