महागडी यंत्रणा म्हणजे प्रगल्भ आयटी विभाग?

ज्या कंपनीकडे नवे सर्व्हर आणि महागडी सॉफ्टवेअर, तिचा आयटी विभाग प्रगल्भ, असा समज बराच फिरतो. तो पटतोही, कारण यंत्रे दिसतात, कामाची पद्धत दिसत नाही. पण प्रगल्भतेच्या १ ते ५ पायऱ्यांच्या प्रचलित मोजमापात खरेदीला गुण नसतात. पहिल्या पायरीवर सारे एखाद्याच्या हिकमतीवर चालते, तिसरीवर लेखी, ठरलेल्या पद्धतीने. पाचवीवर ती पद्धत आकडेवारी पाहून सुधारत राहते.

तपासायचे कसे? बॅकअपमधून डेटा परत आणून शेवटचा कधी पाहिला, ते विचारा. ('बॅकअप रोज घेतो' हे त्याचे उत्तर नव्हे.) मुख्य अॅडमिन रजेवर असताना बंद पडलेला सर्व्हर दुसरा कोणी सूचना वाचून सुरू करू शकतो का? आणि तोंडी उत्तरांवर थांबू नका, नोंदी मागा.