नेटवर्क बूटसाठी लॅन कार्डचे ड्रायव्हर

डिस्क किंवा पेनड्राइव्ह न वापरता लॅनवरून ऑपरेटिंग सिस्टिम आणून संगणक सुरू करणे म्हणजे नेटवर्क बूट. त्यासाठीची प्रचलित पद्धत, पीएक्सई, इंटेलची, तिची २.१ आवृत्ती १९९९ची. सोलापुरात कॉलेजच्या लॅबमधली तीस मशीन एकदम फॉरमॅट करायची असली किंवा टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात बिनडिस्कची टर्मिनल बसवायची असली, की ती सोयीची पडते.

यात ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, दोनदा लागतो आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. पहिला, यूएनडीआय, कार्डाच्या रॉममध्ये किंवा बायोसमध्येच (मशीन चालू होताच चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) असतो. त्याच्या जोरावर मशीन डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता व फाइलचे नाव घेते आणि टीएफटीपी या फाइली पाठवण्याच्या साध्या पद्धतीने, यूडीपी पोर्ट ६९वर, बूटलोडर, कर्नल (सिस्टिमचा गाभा) व इनिट्रॅमएफएस (सुरुवातीला मेमरीत उघडणारा फाइलींचा छोटा संच) उतरवते. कर्नल सुरू झाला की यूएनडीआयचे काम संपते. कार्ड नव्याने ओळखायला कर्नलला स्वतःचा ड्रायव्हर हवा. तो डिस्कवरून आणता येत नाही आणि नेटवर्कवरूनही नाही, कारण नेटवर्क त्याच्यावरच अवलंबून. म्हणून तो इनिट्रॅमएफएसमध्ये आधीच असावा लागतो. फाइली उतरल्या पण पुढे 'नेटवर्क सापडत नाही' असे दिसले, तर दोष बहुधा इथेच.

आधी लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' ही आज्ञा चालवून कार्डाचा क्रमांक पाहावा. १०ईसी:८१६८ म्हणजे रिअलटेक, त्याचे मॉड्यूल (कर्नलचा ड्रायव्हर) आर८१६९. इंटेलच्या अनेक कार्डांना ई१०००ई लागतो. डेबियन लिनक्समध्ये इनिट्रॅमएफएसच्या कॉन्फिग फाइलीत 'मॉड्यूल्स=नेटबूट' लिहून इमेज पुन्हा बांधावी. 'नेटबूट'ऐवजी 'डेप' ठेवल्यास ज्या मशीनवर इमेज बांधली तिच्यापुरतेच ड्रायव्हर येतात. सर्व्हरवर इंटेल आणि लॅबमध्ये रिअलटेक असेल तर फसगत ठरलेली. रिअलटेकच्या काही चिपना वेगळी फर्मवेअर फाइलही लागते. विंडोजसाठी डिझम हे विंडोजचेच साधन वापरून आयएनएफ ड्रायव्हर बूट.विम या बूट इमेजमध्ये घालतात.

यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी प्रणाली) असलेल्या मशीनला बायोसची बूट फाइल चालत नाही; डीएचसीपीच्या ९३व्या ऑप्शनवरून प्रकार ओळखून वेगळी फाइल द्यावी.

ड्रायव्हर बरोबर असूनही पत्ता मिळत नसेल तर स्विच तपासावा. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये चक्राकार जोडणी होऊ न देणारी स्विचची सोय) चालू असेल तर लिंक लागल्यावर पोर्ट साधारण ३० सेकंद डेटा अडवतो, आणि ड्रायव्हर बदलताना लिंक पडून पुन्हा लागत असल्याने हा खोळंबा दोनदा होतो. मशीनकडच्या पोर्टांवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न पाहता पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग, लावावे. वीज जाऊन आल्यावर सर्व्हर उठण्याआधीच क्लायंट वाट पाहून थकतात, तेव्हा सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर हवेत. नुसता स्विच ठेवून भागत नाही.