महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमधील गुणवाढ

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांत गेल्या काही दशकांत गुणसंख्या फुगत गेली. आक्रमण तगडे झाले म्हणून हे घडले की बचाव ढिला पडला म्हणून, हा तिथल्या रसिकांचा न संपणारा वाद आहे. (हा फुटबॉल अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळायचा, आपल्याकडचा पायाने खेळायचा तो वेगळा.) आक्रमक संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे असते. सरकला तर नवे चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू दुसऱ्याकडे जातो. चेंडू समोरच्याच्या हद्दीत पार नेला की टचडाउनचे ६ गुण, खांबांमधून मारला तर फील्ड गोलचे ३.

गुणफलकावरून एखाद्या बाजूचा कस ठरवणे मुळातच फसवे आहे. ७ ऑक्टोबर १९१६ रोजी जॉर्जिया टेकने कंबरलँड कॉलेजला २२२-० असे तुडवले. टेकने एकही पास फेकला नव्हता. कंबरलँडने आपला संघ आधीच मोडीत काढला होता आणि या सामन्यापुरती पोरे गोळा करून आणली होती. तो दोष बचावाचाच, त्यात वाद नाही. उलट टोकाला १९ नोव्हेंबर १९८३ चा ओरेगन विरुद्ध ओरेगन स्टेट हा सामना. भर पावसात चेंडू हातांतून निसटत राहिला, फील्ड गोल हुकत राहिले आणि सामना ०-० सुटला. एकही गुण झाला नाही म्हणून कोणी बचावाची पाठ थोपटली नाही. लोकांनी त्याला ‘टॉयलेट बोल’ असे नाव ठेवले (‘बोल’ म्हणजे एरवी हंगामअखेरचा मानाचा सामना). वरच्या विभागातली ही शेवटची शून्य-शून्य बरोबरी, कारण १९९६ पासून निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळवले जातात.

एका सामन्यातले गुण दोन गोष्टींवर ठरतात: चेंडू किती वेळा हाती येतो आणि दर वेळी त्यातून किती गुण निघतात. वादात पहिली गोष्ट बहुतेक वेळा विसरली जाते. २००६ मध्ये घड्याळाचे नियम बदलून सामने आखूड केले तेव्हा खेळी घटल्या आणि गुणही घटले. ओरड झाली, दुसऱ्याच वर्षी ते बदल मागे घेतले गेले. २००८ मध्ये ४० सेकंदांचे घड्याळ आले. त्याआधी पंचाने खूण केल्यावर २५ सेकंद सुरू होत. आता आधीची खेळी संपली की लगेच ४० सेकंद मोजले जाऊ लागले. म्हणजे खेळाची गती पंचाच्या हातून आक्रमण करणाऱ्याच्या हाती गेली. याचा सर्वांत गाजलेला फायदा चिप केली यांच्या ओरेगन संघाने २००९ ते २०१२ या काळात उठवला. खेळाडू कोंडाळे करून खलबत करत नसत; बाजूने आलेली खूण पाहून लगेच रांगेत उभे राहत. आक्रमणाने खेळाडू बदलला तरच बचावाला बदलीसाठी थांबून वेळ मिळतो. ओरेगन बदलतच नसे, त्यामुळे समोरचे धिप्पाड गडी धापा टाकत मैदानातच अडकत. अशा संघाचा स्वतःचा बचावही आकड्यांत वाईट दिसतो, कारण झटपट खेळल्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्याही हाती चेंडू जास्त वेळा जातो. म्हणून जाणकार आता सामन्यामागच्या गुणांऐवजी ताब्यामागचे गुण पाहतात.

दुसरे कारण जागा. मैदानाची रुंदी ५३ यार्डांहून थोडी जास्त, आणि पूर्वी बहुतेक हाणामारी तिच्या मधल्या पट्ट्यात चाले. हॅल ममी आणि माइक लीच या प्रशिक्षकांनी १९८९ पासून आयोवा वेस्लियन या छोट्या कॉलेजात ‘एअर रेड’ पद्धत घडवली. मोजक्याच चाली, पण त्या घोटून घोटून घेतलेल्या, आणि पास झेलणारे चौघे-पाच जण मैदानभर पसरलेले. बलदंड पोरे मोठ्या विद्यापीठांकडे जातात, आपल्या वाट्याला उरलेली येतात, तेव्हा धक्काबुक्की टाळून मोकळ्या जागेत खेळावे, असा त्यामागे व्यवहार होता. लीच २००० मध्ये टेक्सस टेकला गेले आणि पुढे ही पद्धत श्रीमंत विद्यापीठांनीही उचलली. गरिबाची युक्ती सावकाराच्या हाती पडल्यावर गुणफलक फुटणारच होता.

नियमांनीही हात दिला. पास जाताना आक्रमक फळीतले अवजड अडवे गडी व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळीच्या आरंभरेषेपासून एक यार्डाच्या पुढे गेलेले चालत नाहीत. महाविद्यालयीन खेळात तीन यार्डांची मुभा आहे. फरक दोन यार्डांचाच, पण त्यात मधला बचावपटू, लाइनबॅकर, सापडतो. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा गडी, चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी धरतो, सोडत नाही, आणि नजर याच गड्यावर ठेवतो. समोरचे अडवे पुढे सरसावले, म्हणजे धाव येणार असे समजून लाइनबॅकर दोन पावले पुढे येतो. तेवढ्यात चेंडू परत ओढून त्याच्याच मागे रिकाम्या झालेल्या जागेत फेकला जातो. तो जागचा हलला नाही तर चेंडू धावणाऱ्याला मिळतो आणि मधून वाट मोकळी. तो काहीही करो, चुकीचाच ठरतो. याला दुबळा बचाव म्हणणे अन्यायाचे आहे. ही मुभा कमी करण्याचा प्रस्ताव २०१५ मध्ये आला आणि बारगळला. बचावाला बदलीसाठी १० सेकंद देऊन झटपट खेळाला लगाम घालणारा प्रस्ताव २०१४ मध्ये असाच गुंडाळला गेला होता.

बचाव खरोखरच गचाळ होता असे सामनेही आहेत. २९ सप्टेंबर २०१२ रोजी वेस्ट व्हर्जिनियाने बेलरला ७०-६३ असे हरवले, तेव्हा क्वार्टरबॅक जीनो स्मिथने ६५६ यार्डांचे पास फेकले. दोनच आठवड्यांनी टेक्सस टेकपुढे त्याच संघाचे १४ गुण झाले. २२ ऑक्टोबर २०१६ रोजी ओक्लाहोमाने टेक्सस टेकला ६६-५९ असे हरवले. पॅट्रिक माहोम्सने ७३४ यार्डांचे पास टाकूनही तो हरला, आणि दोन्ही संघांनी प्रत्येकी ८५४ यार्ड मारले. असले सामने पाहून या संघांच्या ‘बिग ट्वेल्व्ह’ गटात बचाव शिकवतच नाहीत अशी टवाळी व्हायची. पण १ जानेवारी २०१८ च्या रोझ बोलमध्ये दणकट बचावासाठी ख्यात असलेल्या जॉर्जियानेही ओक्लाहोमाला ४८ गुण दिले आणि स्वतः ५४ करून कशीबशी सुटका करून घेतली.

सरावात अंगावर धडकणे कमी झाले म्हणून पोरांना नीट पाडता येत नाही, असे जुनी मंडळी म्हणतात. डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हेन्स यांनी २०१० पासून सरावातले पाडणे बंदच केले आणि पुतळ्यांवर तंत्र घोटून घेतले. त्याच संघाने २०१५ चे आयव्ही लीगचे विजेतेपद वाटून घेतले.

प्रशिक्षक निक सेबन यांचे उदाहरण सर्वांत बोलके. २०११ मध्ये त्यांचा अलाबामा संघ लुइझियाना स्टेटकडून जादा वेळेत ९-६ असा हरला. दोन्हीकडून एकही टचडाउन नाही. झटपट खेळाला त्यांचा उघड विरोध होता. पण नियम बदलत नाहीत हे पाहून त्यांनी आक्रमणाचीच मोट नव्याने बांधली आणि २०२० मध्ये सामन्यामागे ४८ हून अधिक गुण करत राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. बचावानेही हार मानली नाही. आयोवा स्टेटने २०१७ मध्ये मागे तीन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) ठेवून ओक्लाहोमाला ३८-३१ असा धक्का दिला. २०२१ च्या जॉर्जियाने तर सामन्यामागे जेमतेम १० गुण दिले. २०२३ पासून नवे चार प्रयत्न मिळाल्यावर घड्याळ थांबवणे बंद झाले, फक्त प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांत ते थांबते. त्यामुळे खेळीही थोड्या कमी झाल्या.

या सगळ्यात आयोवा विद्यापीठाची तऱ्हा निराळी. २०२२ च्या पहिल्या सामन्यात त्यांनी साउथ डकोटा स्टेटला ७-३ असे हरवले. सात गुण म्हटल्यावर टचडाउन आणि त्यापाठोपाठच्या किकचा एक जादा गुण असे वाटेल, पण तो एक फील्ड गोल होता आणि बचावफळीने समोरच्याला त्याच्याच हद्दीत दोनदा पाडून मिळवलेले दोन-दोन गुण. पुढच्या हंगामासाठी आक्रमणाचे प्रशिक्षक ब्रायन फेरेंट्झ (मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ यांचे चिरंजीव) यांच्या करारात सामन्यामागे २५ गुणांची अट घातली गेली. अट पुरी झाली नाही आणि त्यांना जावे लागले. संघाने मात्र त्या वर्षी १० सामने जिंकले. करारातल्या त्या २५ गुणांत बचावफळीने केलेले गुणही धरले जाणार होते.